वादळला एकदाच विचारायचं

माझ्या मुलीला घोड्यावर बसायला शिकवणारे मास्तर मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते एका घोड्याची माफी मागत होते. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, जरा जास्तच ओढला गेला होता. "चुकलं रे राजा," म्हणत त्यांनी तो एक भोक सैल केला आणि मग आमच्याकडे वळले. साठी उलटलेले, काटकुळे, पायांना किंचित बाक. चाळीस वर्षं याच तबेल्यात काढलेली; आधी लीद उचलायला, मग खरारा करायला आणि पुढे शिकवायला.

तो घोडा म्हणजे वादळ. नाव ठेवणाऱ्याला नंतर नक्कीच पस्तावा झाला असणार. हे करडं वादळ चार पावलं टाकायचं आणि काहीतरी विसरल्यासारखं थांबायचं. त्याच्यावर बसून मुलं रडकुंडीला यायची, आईवडील दुसरा घोडा मागायचे. शेवटी तबेल्याच्या मालकांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. महिनाअखेरच्या रविवारी ते स्वतः बघायला येणार. एखाद्या नवशिक्याने वादळला न थांबता रिंगणाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या तर तो राहील, नाहीतर वीटभट्टीवर गाडी ओढायला जाईल. वादळ जन्मला तो मास्तरांच्याच हातांवर. तरी पहिल्या दिवशी त्यांनी मला काही न लपवता सांगितलं, "त्याच्यावर बसायला आता तुमची मुलगीच उरलीय, ताई. नको वाटत असेल तर आत्ताच सांगा. मला राग नाही."

मी सांगणारच होते. मुलगी तेरा वर्षांची, अंगाने किरकोळ. ती सायकलवरून कोपऱ्यापर्यंत गेली तरी मी गॅलरीत उभी असते. पण तिने तोवर त्याच्या मानेवर हात ठेवला होता.

"आई, हाच."

पहिला आठवडा ती नुसती टाचा मारत होती. पावलापावलाला टाच, आणि वादळ ढिम्म. मला राहवेना. "मास्तर, तिला एखादा चाबूक द्या ना हलकासा."

"देतो की. चाबूक दिसेल तोवर चालेल. मग?" एवढं बोलून ते मुलीकडे गेले. "पोरी, कुणाच्या घरी गेलीस की बेल किती वेळा वाजवतेस?"

"एकदा."

"सारखी वाजवत राहिलीस तर?"

"आतले चिडतील."

"किंवा कानात बोळे घालून झोपतील. याने बोळे घातलेत."

मग त्यांनी शिकवलं ते असं: आधी पोटरीने हलकेच विचारायचं. नाही ऐकलं तर टाच एकदाच, पण मनापासून. आणि तो निघाला की पाय गप्प. "चालणाऱ्याला चाल चाल म्हणू नये. त्याला वाटतं, मग मी करतोय ते काय?"

एके दिवशी तर तिला स्टुलावर बसवून, लगामाचं दुसरं टोक स्वतःच्या हातात धरून ते स्वतःच घोडा झाले. मधेच खिंकाळले. सगळी पोरं पोट धरून हसली. "बघ, पायाने म्हणतेस जा, हाताने म्हणतेस थांब. मी बिचारा कुणाचं ऐकू?"

तिसऱ्या आठवड्यात वादळ चालायला लागला, चक्क दुडकीही धरू लागला. पण प्रत्येक फेरीत एका ठिकाणी थांबायचाच. कठड्याच्या डाव्या कोपऱ्याशी. मास्तर दोन दिवस नुसते बघत राहिले. मग माझ्यापाशी येऊन टोपी काढली.

"ताई, घोडा तुमच्यापाशी थांबतो."

"माझ्यापाशी? मी तर काही बोलतसुद्धा नाही!"

"बोलत नाही, पण कठडा असा धरता की आता बुडणारच बोट. पोर तुमच्याकडे बघते, घाबरते, तिचा हात आवळतो. लगाम ताणला की त्याला तेवढं निमित्त पुरतं. आळशी माणसाला पुरतं तसंच."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. "मग मी काय घरी बसू?"

"छे! घरी बसून तुम्ही आणखी काळजी कराल. आत ती तांबडी घोडी आहे, तिला खरारा करा. आणि पोरीला यातलं काही सांगू नका. नाहीतर तुम्हाला विसरायच्या नादात ती घोडा विसरेल."

रविवारी मालक आले. मी आत तांबडीच्या अंगावरून ब्रश फिरवत होते. भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त टापा ऐकू येत होत्या. चालीचे चार ठोके. मग दोन दोन, म्हणजे दुडकी. पहिली फेरी पुरी झाली. दुसऱ्या फेरीत टापा डाव्या कोपऱ्याशी आल्या आणि जुन्या सवयीने पुन्हा चारावर उतरल्या. मग ते चारही रेंगाळू लागले; आता थांबणारच तो. माझा हात ब्रशसकट थांबला. कुणीतरी काहीतरी ओरडावं, निदान मास्तरांनी तरी, असं मला वाटलं. ज्याचं सगळं पणाला लागलं होतं तो माणूस एक अक्षर बोलला नाही.

एकदाच, खोगिरावर थाप बसावी तसा आवाज झाला. आणि लगेच, दोन दोन, दोन दोन, कोपरा ओलांडून पार शेवटापर्यंत.

"तुम्ही काहीच कसं सांगितलं नाही तिला?" मालकांचा आवाज.

"तिने विचारलं, त्याने ऐकलं. मधे मी कशाला?"

"बरं, राहू दे त्याला. सोमवारपासून अजून दोन मुलं बसवा याच्यावर."

मास्तर आत आले. मला वाटलं, हसतील. त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला, घोडीची कूस बघितली.

"ताई, अर्धा तास एकाच जागी घासलंत. टक्कल पडलं असतं बिचारीला."

एवढं बोलून ते दुसरी बाजू घासू लागले. पण चाळीस वर्षं तबेल्यात काढलेल्या त्या हातातून ब्रश दोनदा गवतात पडला. दोन्ही वेळा मी उचलून दिला.