खाली लिनक्स माटे

मागच्या सोमवारी ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली. माझ्या विंडोज मशीनवर गुण्यागोविंदाने चालणारा सी प्रोग्रॅम ग्राहकाच्या लिनक्स मशीनवर सुरू होताहोताच कोसळला... आणि तेही आमच्या मॅडमसमोर.

थोडं मागचं सांगते. मुलगी झाल्यावर सहा वर्षं मी घरी होते. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नाशिकहून बडोद्याला, गोत्रीत सासूसासऱ्यांकडे राहायला आलो. इथे एका छोट्या कंपनीत पुन्हा नोकरी मिळाली, पण 'तीन महिने बघू' या बोलीवर. कारखान्यातल्या बॉयलरचं तापमान वाचणारा एक जुना प्रोग्रॅम आहे, तो विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालता ठेवायचा, हे माझं काम.

मॅडम रागावल्या नाहीत. शुक्रवारी ग्राहकाकडे ट्रायल आहे, तोवर जमलं नाही तर हे काम दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही डॉक्युमेंटेशन बघा, एवढंच म्हणाल्या. एकदा बाजूला बसवलं की परत आत कोण घेतं?

मंगळवार, बुधवार... कंपायलरने दिलेल्या इशाऱ्यांचं भेंडोळं उलगडत बसले. दुखणं कुठे आहे ते कळलं. strdup नावाचं एक फंक्शन आहे, ते मजकुराची नक्कल करून तिचा पत्ता परत देतं. लिनक्सवरचा कंपायलर त्याला ओळखच देत नव्हता, आणि म्हणून तो पत्ता अर्धाच उचलत होता. म्हणजे कुरियरवर घरनंबर आहे, पण सोसायटी आणि गाव गायब... माणूस पोचणार कुठे?

ओळख का देत नव्हता, तेही कळलं. ग्राहकाकडे सगळं सी-९९ च्या, म्हणजे सी भाषेच्या १९९९ मधल्या नियमयादीच्या, कडक सोवळ्यात चालतं. त्या यादीत नसलेलं फंक्शन तिथे शिवायचं नाही, आणि ही सेटिंग बदलायची नाही असं त्यांनी आधीच बजावलेलं. पण मग मी हात लावण्याआधी, त्याच सोवळ्यात, हेच फंक्शन कसं काय चालत होतं? काही केल्या कळेना.

जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघितली. फरक एकच, तोही मीच केलेला. फाइलच्या अगदी वर _GNU_SOURCE ची एक #define ओळ होती आणि तिच्या बाजूला मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्या जिग्नेशभाईंची इंग्रजी अक्षरांत टीप होती, 'khali linux mate'. 'माटे' म्हणजे 'साठी', एवढं गुजराती मला येत होतं. लिनक्ससाठी खाली... मग ही बया वर काय करतेय, म्हणून साफसफाई करताना मी ती उचलून खाली, बाकीच्या #define ओळींसोबत नेऊन ठेवली होती. टिपेत सांगितलं तसंच केलं, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं.

जिग्नेशभाई दोन टेबलं सोडून बसतात. उठून विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण सहा वर्षांनी आलेली बाई पहिल्याच अडचणीला दुसऱ्याच्या दारात उभी, असं नको व्हायला... मी मेली मानी.

गुरुवारी सकाळी डबा भरून निघायच्या घाईत होते. सासूबाई जन्मापासून बडोद्याच्या, त्यांच्या मराठीत गुजराती कधी येऊन बसतं ते त्यांनाही कळत नाही. माझ्यापुढे प्लेट ठेवत त्या म्हणाल्या, "आज खाली पोहेच केलेत हं."

मी खरंच टेबलाखाली बघितलं. "खाली म्हणजे?"

"अगं खाली म्हणजे... नुसते पोहे. शिरा नाही केला."

आठ महिने हा शब्द माझ्या कानावरून जात होता! टीप 'फक्त लिनक्ससाठी' असं म्हणत होती. वरखालीचा काही संबंधच नव्हता.

ऑफिसात पोचल्या पोचल्या ती ओळ परत सर्वांत वर नेली. ही ओळ कंपायलरला सांगते, बाबा रे, सोवळं थोडं सैल कर, लिनक्सची स्वतःची फंक्शनंही चालतील. पण हे फंक्शनांची ओळख करून देणाऱ्या सगळ्या हेडर फाइल्सच्या आधी सांगावं लागतं. त्या एकदा वाचून झाल्या की मग कितीही कानीकपाळी ओरडा. मी कंपाइल केलं, strdup बद्दलचा इशारा गेला आणि प्रोग्रॅम चालू लागला.

मग जिग्नेशभाईंकडे गेले आणि सगळं कबूल केलं. हसतील, असं वाटलं होतं. त्यांनी आपलीच टीप दोनदा वाचली आणि म्हणाले, "बेन, भूल तो मारी पण कहेवाय. 'खाली' एटले तमारे त्यां 'नीचे' थाय, ए मने खबर ज नहोती." चूक माझीही म्हणायची, तुमच्याकडे 'खाली'चा अर्थ 'नीचे' होतो हे मला ठाऊकच नव्हतं... इतकं सरळ. मी चार दिवस ज्या माणसाला विचारायला घाबरत होते, तो हा.

शुक्रवारी ट्रायल झाली. दोन तास तापमानाचे आकडे बिनतक्रार येत राहिले. परत येताना गाडीत मॅडमनी पुढचं मॉड्यूलही माझ्याकडेच राहील असं सहज सांगून टाकलं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण डोळे भरून आले होते.

सहा वर्षांत आपण सगळं विसरलो, ही भीती उराशी धरून बसले होते. सी मला अजून येतंय... अडलं होतं ते गुजरातीत. आता रोज संध्याकाळी सासूबाई मला गुजराती शिकवतात. काल त्यांनी माझ्या वहीत पहिल्यांदाच लाल पेनने 'सरस' लिहिलं.