फुंक्याच्या बोटांचे ठसे

तर दहाही बोटं कोरी निघाली, इथवर काल आलो होतो. व्हिसा केंद्रातल्या मुलीनं यंत्राची काच पुसली, फुंक्याचे हात पुसले, एकेक बोट धरून दाबलं, पण पडद्यावर ठसा काही उमटेना. इस्त्री फिरवल्यासारखं सगळं सपाट. फुंक्या आपला वाकून यंत्रच न्याहाळत होता. त्यानं तिला हळूच सांगितलं, की काच झकास आहे, फक्त डाव्या कोपऱ्यात एक बारीक बुडबुडा राहून गेलाय.

ती म्हणाली, "काका, काच राहू द्या. बोटं बघा."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. फुंक्या म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत काच फुंकून उपकरणं बनवणारा माणूस. नळीला आच द्यायची, फुंकर घालायची, वळवायची, जोडायची. बावीस वर्षं हेच. आगीनं आणि काचेनं बोटांवरच्या रेघा कधी खाऊन टाकल्या, ते त्यालाही कळलं नव्हतं. कळणार कसं? सही त्याला सुरेख येत होती, वर्षांपूर्वीच्या आधार-पासपोर्टानंतर अंगठा उठवायची वेळच कधी आली नाही.

आणि आता परदेशातल्या एका विद्यापीठानं त्याला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. कुशल माणसांना कामापुरता देतात, तो व्हिसा. तिथं कमरेएवढी जाड काचनळी आचेवर फिरवणारं यंत्र होतं. त्याचं चित्र फुंक्यानं दहा वर्षं भिंतीवर चिकटवून ठेवलं होतं. इकडं कॉलेज तयार उपकरणं मागवायला लागलं होतं आणि त्याच्या खोलीत मोडकी बाकडी येऊन पडत होती. अर्ज बायकोनं भरला होता. ती पोस्टात खिडकीवर बसून दिवसभर लोकांचे चुकलेले अर्ज परत करते, तेव्हा तिच्या अर्जात खोट काढायची कुणाची छाती नव्हती. सगळं जुळलं आणि बोटांवर अडलं. मुलीनं सांगितलं, पंधरा दिवस आग नको, काच नको, मलम लावा, रेघा परत येतात. पण त्यापुढं तारीख मिळणार नाही. तेव्हाही ठसे उमटले नाहीत तर अर्ज बंद, आणि विद्यापीठ यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार.

झालं. फुंक्या स्वतःच्याच घरात जावई होऊन बसला. बायकोनं फर्मान काढलं, की भांड्यांना हात लावायचा नाही, चहा करायचा नाही, काडेपेटीकडं तर बघायचंसुद्धा नाही. आई सकाळ-संध्याकाळ मलम चोळी आणि पेपर वाचायचं भिंग घेऊन तपासणी करी. सहाव्या दिवशी तिला उजव्या तर्जनीवर एक रेघ दिसली, तर तिनं शेजारणीला हाक मारून दाखवली, नातवाचा पहिला दात दाखवावा तशी. दहाव्या दिवसापर्यंत दहाही बोटांना पालवी फुटली. फुंक्या मात्र कासावीस. सरबताची नळी हातात आली तरी आचेवर धरल्यासारखी गरगर फिरवत बसायचा.

बाराव्या दिवशी, बायको पोस्टात असताना, कॉलेजातली संशोधन करणारी मुलगी दारात उभी राहिली. तिचा कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करायची काचनळी, तडकला होता आणि सहा महिन्यांचा प्रयोग लटकला होता. प्रयोगशाळेतला मदतनीस जोड द्यायला तयार होता, पण शेजारी उभं राहून सांगणारं कुणीतरी हवं होतं. फुंक्यानं आईला वचन दिलं, की हात खिशात ठेवून नुसता बघेन.

आणि तासभर हात खरंच खिशात राहिले. मदतनीसानं जोड नेटका दिला, काच टेबलावर ठेवली आणि विचारलं, गार झाली असेल का? आता गंमत अशी, की गरम काच आणि गार काच दिसायला अगदी जुळ्या बहिणी. फुंक्यानं सवयीनं खिशातून हात काढला आणि उजवा अंगठा काचेवर टेकवला. एरवी त्या निबर अंगठ्याचं काही बिघडलं नसतं. पण बारा दिवस मलम पिऊन कातडी लोण्यासारखी झाली होती. टरारून फोड आला.

बायकोनं फोड पाहिला आणि खांद्यावरची पिशवी तिथंच खाली टाकली. मग म्हणाली, "बाकीची नऊ कुठं आहेत? दाखवा बघू."

नऊ शाबूत होती. तिनं त्याच्याकडून तीन दिवस घोकून घेतलं, की विचारलं तर किटलीनं भाजलं म्हणायचं.

ठरल्या दिवशी, बायको शेजारी बसलेली असताना, नऊ ठसे लख्ख उमटले. पट्टी बांधलेला अंगठा बघून केंद्रातली ती मुलगी आत गेली आणि मोठ्या साहेबांना घेऊन आली. काय झालं, त्यांनी विचारलं. फुंक्यानं किटली म्हणायला तोंड उघडलं आणि कंडेन्सरसकट सगळी हकीकत सांगून मोकळा झाला. बायकोनं डोळेच मिटून घेतले.

तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून आधीच सांगून टाकतो, की व्हिसा त्यानंतर आठव्या दिवशी घरी आला. त्यांच्या नियमांत म्हणे जखमेच्या बोटाला जागा होती, बिनरेघांच्या बोटाला नव्हती. साहेबांनी अंगठ्याच्या चौकटीत 'जखम' असं लिहिलं आणि अर्ज पुढं पाठवला. पण उठता उठता त्यांनी फुंक्याला दटावलं, की तिकडं गेल्यावर तरी बोटं जपत जा. बायको कोपरानं ढोसत होती, नुसती मान हलवा म्हणून.

फुंक्या म्हणाला, "नाही जमणार, साहेब. जपून ठेवलेली बोटं हवी असती, तर त्यांनी मला कशाला बोलावलं असतं?"