टिंग-टाँग, आत्या येत आहे

माझ्या नणंदेला हळू बोलता येत नाही. मोठ्या बसस्थानकावर कोणती बस कुठल्या फलाटावर लागतेय, हे दिवसभर माइकवरून सांगायची नोकरी त्यांना मिळाली, तेव्हा मी म्हटलं होतं, माइकचा खर्च उगाच केला त्या लोकांनी. नवऱ्याला राग आला. वन्सं मात्र पोट धरधरून हसल्या. त्या हसल्या की खालच्या मजल्यावरचा शिंपी सुई थांबवून छताकडे बघतो.

नोकरीत सगळं आधी सांगायचं, त्याचा सूड त्या आमच्या घरी येऊन उगवायच्या. दाराआडून 'भॉक' करायचं, मागून येऊन डोळे झाकायचे, न कळवता ऐन जेवणाच्या वेळी हजर व्हायचं. लग्न केलं नाही, सगळा जीव आमच्या लेकीवर, टिल्लीवर. एकदा तरी पोरीनं आपण होऊन कुशीत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि नेमकी टिल्लीच त्यांचा आवाज आला की बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची.

टिल्लीला अ‍ॅस्पर्गर आहे. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं की हा आजार नव्हे, मनाची घडण वेगळी आहे. पुढे काय होणार हे कळलं की ती खुशीत असते. अचानक काही झालं की अंगावर भिंत कोसळल्यासारखं वाटतं तिला. बोललेलं जसंच्या तसं घेते. हे शेवटचं मला ठाऊक होतं. वन्सं लाडानं एकदा म्हणाल्या होत्या, "खाऊन टाकू का तुला?" तर तिनं काळजीनं विचारलं होतं, "कुठून सुरुवात करणार?"

वन्संचं मत पडलं, की हे सगळं आमच्या लाडाचं फळ. मागच्या वाढदिवसाला त्यांनी अर्धी गल्ली आमच्या सोफ्यामागे लपवली, दिवे घालवले आणि टिल्ली दारातून आत येताच एकदम फुगे फोडले. टिल्ली टेबलाखाली गेली, ती केक कापायलाही बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे मला म्हणाली, "आत्या मला आवडते. पण ती यायच्या आधी मला कुठेतरी पाठवत जा." हा निरोप मलाच पोचवावा लागला. वन्सं यायच्याच बंद झाल्या. जन्मभर त्यांच्या नावानं बोटं मोडणारी मी, पण जेवताना त्यांचं ताट चुकून घ्यायची आणि परत ठेवायची.

मग एकदा माझी आई येणार होती, म्हणून टिल्लीला घेऊन बसस्थानकावर गेले. मिक्सर लावला तरी कान झाकणारी ही मुलगी चक्क भोंग्याखाली उभी राहून हसत होती. आधी टिंग-टाँग वाजायचं, मग बसचं नाव, मग फलाट, आणि मग खरोखर तीच बस तिथंच यायची. आजी आली, सामान उतरलं, तरी बाईसाहेब हलेनात. हे सगळं सांगणारं माणूस तिला बघायचं होतं. भोंग्यातून आवाज ओळखू येत नव्हता; तुझी आत्याच आहे ती, असं सांगितलं तर विश्वास बसेना. आत्या आधी कुठं सांगते?

शेवटी तिला काचेच्या खोलीत नेलं. वन्सं घाईनं उठल्या, गडबडीत माइक बंद करायचा राहिला. टिल्ली म्हणाली, "आत्या, तू बसचं आधी सांगतेस. मग तुझं का नाही सांगत?"

"चुकलंच गं माझं," वन्सं म्हणाल्या, आणि ते सगळ्या फलाटांवर ऐकू गेलं. ड्रायव्हर-कंडक्टर अजून त्यांना चिडवतात.

त्या दिवसापासून आमच्या घराचं बसस्थानक झालं. वन्संना कुठलीही गोष्ट बेतानं करता येत नाही. जिन्यातूनच सुरुवात व्हायची, "टिंग-टाँग. आत्या थोड्याच वेळात दारात येत आहे." शिंक येणार असली तरी घोषणा. शिंक आली नाही, तर टिल्ली ती रद्द झाल्याची घोषणा करायला लावायची. हसू आलं की त्या आधी हात वर करायच्या, आम्ही सगळे कान झाकायचो, आणि मग त्या हसायच्या. तोवर विनोद शिळा झालेला असायचा, पण ते बघूनच आम्हाला दुप्पट हसू यायचं.

"मिठी येत आहे," असंही त्यांनी करून बघितलं. "मिठी रद्द. हात मिळव," असं उत्तर आलं. दोघींनी साहेबलोकांसारखे हात मिळवले. मला वाईट वाटलं, वन्संनी ते हसण्यावारी नेलं.

यंदाच्या वाढदिवशी खालच्या शिंप्यासकट कोण कधी येणार, कुठं बसणार, सगळं टिल्लीला आधी सांगितलेलं. केक कापून झाला आणि ती खुर्चीवरून उठली.

"टिंग-टाँग," ती म्हणाली. "आत्यानं लक्ष द्यावं. मिठी येत आहे."

वन्संनी झेप घ्यायला हात पसरले, आणि आवरले. बस थांबल्याशिवाय पुढे यायचं नाही, हे त्याच तर जगाला सांगत आल्या. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मिठी टेबलाला वळसा घालून, मध्ये शिंप्यापाशी जरा थांबून, सावकाश आली आणि त्यांच्या कमरेला बिलगली.

वन्संनी एक हात वर केला. आम्ही सगळ्यांनी झटकन कान झाकले. पण काहीच ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती बाई आवाज न करता रडत होती.

टिल्लीनं मान वर करून वाट बघितली. मग म्हणाली, "आत्या, हसू रद्द झाल्याचं सांग."