घोडी भादरायचं मशीन

माझ्या दुकानात कुठलंही मशीन हातात आलं की मावशी ते चालू करून आधी स्वतःच्या गालाला लावायची. पात्याची बाजू नव्हे, पाठची. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ती तशीच उभी राहायची. मग डोळे उघडून निकाल द्यायची, "तापलं. ठिव तिकडं."

निकाल ठरलेला असायचा. मिक्सर असो, ड्रिल असो, नाहीतर आणखी काही असो. शेजारच्या दुकानदाराने हौसेने दाखवलेला नवा मोबाईलसुद्धा तिने गालाला लावून परत दिला होता.

ती माझी कुणी मावशी नव्हती. सगळं बेलापूर तिला मावशी म्हणायचं. तिचा नवरा लग्नाच्या वरातीला घोड्या पुरवायचा. तो गेल्यावर भावकीने सांगितलं, "घोड्या विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही." तिने बाकीच्या विकल्या आणि चिमणी नावाची एक पांढरी घोडी ठेवली. पुढची कितीतरी वर्षं गावातले नवरदेव त्याच घोडीवर बसले, आणि ही बाई लगाम धरून पुढे चालली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जगातली कुठलीच वस्तू त्यांच्या पसंतीला उतरत नाही. आपल्याला वाटतं, तोंडाळ आहेत. मलाही तसंच वाटायचं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उसाच्या शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. मावशी येताना दिसली की मी मान खाली घालून तारा गुंडाळत बसायचो.

एका थंडीत ती आली आणि बाकड्यावर बसलीच. "मिस्त्री, घोडी भादरायचं मशीन पायजे. न तापनारं, न वरडनारं. आन् पैसं यवढंच हायेत." तिने रुमालाची गाठ दाखवली. सोडली मात्र नाही.

चिमणीला खरूज झाली होती. थंडीत वाढलेल्या दाट केसांखाली खपल्या धरल्या होत्या आणि घोडी लिंबाच्या खोडाला अंग घासून रक्त काढत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, केस बारीक कापल्याशिवाय औषध कातडीपर्यंत पोचणार नाही. कात्री मावशीला झेपत नव्हती. बोटांचे सांधे सुजले होते. आणि लग्नसराई तोंडावर आली होती.

मी आधी आमच्या न्हाव्याकडून दाढीचं मशीन आणून दिलं. चिमणीच्या मानेवर ते वीतभर चाललं आणि केस अडकून बंद पडलं. दुसऱ्या दिवशी तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं. "मिशा कोरायला बरं हाय. तुज्या."

मला राग आला. मी मोबाईल काढला. शोधून शोधून एक मशीन सापडलं. चित्रात उमदा पांढरा घोडा, शेजारी हसणारी गोरी बाई, किंमत तिच्या गाठीत बसेल एवढी.

"पाच चांदण्या आहेत मावशी," मी म्हणालो.

"चांदन्या कुनी दिल्या? घोड्यानं?"

मी मोठ्या समंजसपणे हसलो. चार बुकं शिकलेला माणूस अडाण्याकडे पाहून हसतो तसा. आज ते हसू आठवलं की माझीच मला कीव येते.

मशीन आलं. चकचकीत खोकं, आत तीन कंगवे, एक ब्रश आणि मखमलीची पिशवी. मावशीने ते गालाला लावलं. "तापलं."

"नवीन मशीन थोडं तापणारच. गाल म्हणजे काय थर्मामीटर आहे?" मी म्हणालो आणि मशीन घेऊन स्वतःच तिच्या दारी गेलो. ती लगाम धरून उभी राहिली. मी डॉक्टरासारखा ऐटीत घोडीच्या बरगडीवर मशीन चालवू लागलो. पहिले दोन पट्टे झकास निघाले. मी मावशीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिचं लक्ष घोडीच्या कानांकडे होतं. "थांब," ती म्हणाली. मी थांबलो नाही. पुढच्या क्षणी चिमणीने अशी लाथ झाडली की मशीन गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. माझं डोकं थोडक्यात वाचलं. घोडीच्या बरगडीवर बोटभर लांब भाजल्याची लाल रेघ उमटली होती.

मी शिव्यांची वाट पाहिली. मावशीने लुगड्याचा पदर बादलीत भिजवून त्या रेघेवर धरला आणि मी जाईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या तोंडाला मी इतका वैतागलेलो असायचो, पण त्या दिवशी ते बंद राहिलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

तिचे पैसे परत दिले आणि बाजारच्या दिवशी तिला घेऊन एस.टी.ने घोडेगावला गेलो. तिथल्या जनावरांच्या बाजारात एक विक्रेता लगाम, खोगिरं, झुली मांडून बसतो. त्याच्याकडे तांबड्या कापडावर एक नवंकोरं मशीन ठेवलेलं होतं. समोर एक शेठ उभे होते. अंगात पांढरे कपडे, पायात पांढरे बूट. नुकताच हौसेने घोडा घेतला होता. घोडा घरी कसा आहे हे त्यांनी सांगितलं नाही, त्याचे फोटो मात्र सगळ्यांना दाखवले.

मावशीने मशीनकडे हात केला, तसा विक्रेता म्हणाला, "आजी, ते ऱ्हाऊ द्या. ते मोठ्या लोकांचं हाय."

"मग मोठ्या लोकांच्या गालाला लाव."

शेठना गंमत वाटली. विक्रेत्याने शेजारच्या चहाच्या गाडीवरून वायर ओढली होती. शेठनी मशीन चालू केलं, गालाला लावलं आणि मोबाईलवर त्यांचं शूटिंग करणाऱ्या मित्राकडे पाहून हसले. थोड्या वेळाने हसू आखडलं. मग त्यांनी मशीन झटक्यात खाली ठेवलं आणि आपल्याला काही झालंच नाही असं दाखवत गाल चोळला. जमलेले लोक खदखदून हसले. मावशी हसली नाही. "मानसाला बोलता येतं, तरी न्हाई बोलला," ती म्हणाली. "घोड्यानं काय करायचं?"

तोवर तिचं लक्ष विक्रेत्यामागच्या गोणीकडे गेलं होतं. आत एक जुनं, जड, रंग उडालेलं मशीन होतं.

"ते भंगार हाय," विक्रेता म्हणाला.

"काढ."

तिने वायर चिमटीत दाबून पाहिली. पात्याच्या एकेका दातावरून नख फिरवलं. मग मशीन माझ्याकडे दिलं. "खोल."

मी स्क्रू काढले. आतला कार्बन, मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा तुकडा, झिजला होता. तारांचं वाइंडिंग मात्र कुणी हात न लावलेलं, मूळचं होतं.

"कार्बन मिळंल?"

"ड्रिलचा घासून बसवता येईल."

"पात्याला धार?"

"श्रीरामपुरात लावतात."

"मग हेच. बिगडल्यावर हितं नीट झालं पायजे. बाकी समदी खेळनी."

पिशवीतून तिने चिमणीच्या धुळकट केसांचा झुपका काढला. मी झिजलेला कार्बन तात्पुरता पुढे सरकवून मशीन चालू केलं. झुपका एका दमात कापला गेला. मग तिने ते गालाला लावलं. भोवती म्हशींचे भाव चालले होते, टेम्पो हॉर्न वाजवत होते, आणि ही बाई डोळे मिटून उभी. मी माझ्या नकळत श्वास धरून होतो.

"बरं हाय," ती म्हणाली.

तिच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. लगेच ती विक्रेत्याकडे वळली आणि त्या मशीनची अशी निंदा केली की शेवटी त्याने तिची गाठ न मोजताच घेतली आणि हात जोडले.

घोडी भादरायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी तिने नुसतं मशीन लांब धरून चालू ठेवलं. "आता सुरू करू का?" मी विचारलं. "मला काय इचारतो? तिला इचार. कान बघ." कान सैल झाले तेव्हा कुठे तिने मानेला हात घातला. मशीन जरा कोमट झालं की बंद करायची, पात्याला तेल सोडायची, मला चहा पाजायची आणि माझ्या दुकानाबद्दल वाईट बोलायची. मला फार बरं वाटायचं.

खपल्या उघड्या पडल्या, औषध लागलं, सराईपर्यंत पांढरे केस परत आले. फक्त बरगडीवरच्या रेघेत आले नाहीत. वरातीत मावशी झूल तिथे नीट ओढून घ्यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "खिळा लागला." गावातल्या एकाही माणसाची चूक जिने कधी पोटात ठेवली नाही, तिने माझी ठेवली. मी एकदा विषय काढायला गेलो, तर म्हणाली, "काम कर. लई बोलतो."

पुढे चिमणी म्हातारी होऊन गेली. मावशी लेकीकडे कर्जतला राहायला गेली. गेल्या उन्हाळ्यात लेकीचा फोन आला, दोन वाक्यांचा. दुसरं वाक्य होतं, "आई गेली."

परवा भर दुपारी आमच्या पेठेतून वरात निघाली होती. कुठूनशी आणलेली घोडी दोन मोठ्या भोंग्यांच्या मधोमध उभी केली होती. डोळ्यांचं पांढरं दिसत होतं, पाय लटपटत होते. लगाम धरणारा मोबाईलवर बोलत होता. मी दुकानाच्या पायऱ्या उतरून गर्दीत शिरलो. सगळ्यांच्या कानठळ्या बसतील असं काहीतरी बोलायचं मी ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "अहो, आवाज जरा कमी करता का?"

समोर नाचणाऱ्या पाहुण्याला ते ऐकू गेलं नाही. त्याला वाटलं, मला नाचायचं आहे. त्याने हसून माझा हात धरला आणि मला आत ओढलं.