पळवाट

गोमतीच्या त्या घाटावर बाबा अकरा वर्षं पोहले. निवृत्तीनंतर सांगली सोडून ते लखनौला माझ्याकडे आले, तेव्हा सामान लावायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "नदी कुठे आहे?" कृष्णेत पोहायला शिकलेला माणूस. रोज सकाळी वीस मिनिटं उताणं तरंगल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

मी एका सरकारी कार्यालयात विधी अधिकारी आहे. नदीकाठ सुशोभित झाला आणि घाटाच्या नियमांचा मसुदा माझ्या टेबलावर आला. स्नानाची वहिवाट जुनी, ती कोर्टात टिकते, म्हणून धार्मिक स्नानाला मुभा ठेवली. पोहणं, डुंबणं हा 'मनोरंजनासाठी वापर', तो बंद. वाक्य चोख झालं म्हणून मी खूश होते. लिहिताना बाबा आठवले नाहीत. घरी मी काही बोललेही नाही.

फलक लागला त्या सकाळी मी त्यांच्यासोबत होते. फलकाच्या तळाशी माझ्या कार्यालयाचं नाव होतं. गार्डनं अदबीनं अडवलं. "बाबूजी, तैरना मना है. आप बस कह दीजिए कि स्नान करने आए हैं. कौन रोकेगा?"

"नहाता तो मैं घर पे हूँ, भैया," बाबा म्हणाले. "यहाँ मज़े के लिए आता हूँ."

खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. आम्ही परत आलो.

दोन महिने ते बाल्कनीत पेपर घेऊन बसायचे. पान उलटायचे नाहीत. शेवटी मीच देव्हाऱ्यातला तांब्या पुढे केला. "स्नान म्हणा की, बाबा. काय बिघडतं?"

"माझ्या मजेत देवाला कशाला ओढतेस?"

पण एका सकाळी ते स्वतःच तांब्या घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, नाक धरून त्यांनी तीन बुड्या मारल्या. गार्डनं हात जोडले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. मी नुसती टॉवेल घेऊन उभी होते.

वर येऊन त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "मजेला पळवाट कुठेच ठेवली नाहीस."

त्यानंतर ते नदीवर गेले नाहीत.