इर्जिक, अस्वल आणि एक पिवळा बाण

"घरचा माळा तं झाडला नाई दिवाळीत, अन् जंगल झाडाले चालली," आई म्हणाली. मी सॅक भरत राहिले. मी अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. क्लास सोमवारी सुरू होणार होता आणि शनिवार-रविवार माझ्या हातात होता. दोन वर्षांपूर्वी एकदा मी अकोटच्या एका भटक्या मंडळाबरोबर सातपुड्यातली वाट साफ करायला गेले होते. मागच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि जाणं राहिलं. यंदा ठरवलं, काही झालं तरी जायचं.

ही वाट म्हणजे पायथ्याच्या गावापासून वरच्या पठाराच्या कड्यापर्यंत साधारण सात किलोमीटरची पायवाट. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाट वनखात्याच्या हद्दीत आहे, मंडळाच्या वाटाड्याशिवाय कुणाला सोडत नाहीत, आणि नाव वाचून उद्या कुणी स्पीकर घेऊन पोचलं तर पुढच्या वर्षीची परवानगी जाईल. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे कॉलेजची मुलं येतात, कुटुंबंही येतात. पण त्याआधी वाट पुन्हा घडवावी लागते, कारण पावसाळ्यात ती गिळली जाते. माणसाच्या उंचीचं गवत, रायमुनियाची काटेरी जाळी, आडवे पडलेले साग आणि ओढ्यांनी नेलेल्या पायऱ्या, असा सगळा कारभार असतो.

सकाळी सहाची एसटी, दर्यापूरमार्गे अकोट. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास फुकटात पडल्यासारखाच वाटतो. दर्यापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बाया पाठीला ओटी बांधून ओळीत वाकलेल्या, तूर पिवळ्या फुलावर आलेली. अकोट स्टँडवर आलूबोंडा खाल्ला, वर तर्री. जीभ पोळली, पण झोप उडाली. तिथून सुधाकरभाऊंनी पिकअपमध्ये घेतलं. सुधाकरभाऊ कापूसवाले शेतकरी, मंडळ त्यांनीच सुरू केलं. मागे आम्ही अकरा जण, दोन पहारी, कुऱ्हाडी, विळे, पिवळ्या ऑइलपेंटचे डबे आणि एक कणकेचं पोतं.

मंडळाचं काम इर्जिकीवर चालतं. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. शेतात एकट्याला झेपत नाही असं काम निघालं की शेतकरी गावाला हाक देतो. लोक आपापली बैलं, आपापली अवजारं घेऊन येतात, दिवसभर राबतात, मजुरी घेत नाहीत. ज्याचं काम त्याने पोटभर जेवू घालायचं, एवढाच व्यवहार. इथे काम वाटेचं, म्हणून जेवण मंडळाचं आणि हात सगळ्यांचे. पायथ्याच्या गावातले वीसेक लोक विळे घेऊन आधीच हजर होते. कुणी कुणाला काम नेमून दिलं नाही. ज्याला जे समोर दिसलं ते त्याने उचललं आणि दुपारपर्यंत दीड किलोमीटर वाट उघडी पडली. माझ्या क्लासमध्ये फळा पुसायचा असला तरी तीन मुलं एकमेकांकडे बघतात.

तुम्ही जाणार असाल तर जाड फुलपँट घाला. कुसळं मोज्यातून आत शिरतात आणि चार दिवस घरात सापडत राहतात. पाणी तीन लिटर न्या. मोबाइलला रेंज फक्त वर कड्यावर येते.

पहिल्या दिवशी मला एक गोष्ट खटकली. रफिकभाई सगळ्यांत मागे चालत होते. अकोटला त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे, वय पंचावन्नच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी मी आले तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे होते. वाट दिसत नसताना त्यांनी आम्हाला गवतातून नेलं होतं. कसं ओळखता विचारलं तर म्हणाले होते, "पायाले कळते." आणि खरंच, आम्ही विळे चालवले की खाली बरोबर जुनी पायरी निघायची. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले होते. असा माणूस आज मागे मागे फांद्या गोळा करत होता.

संध्याकाळी मुक्कामाला गावातल्या शाळेच्या ओसरीवर चहा पिताना मी सुधाकरभाऊंना विचारलं.

"तुमी येऊन गेल्या त्याच्या दोन मयन्यानं झालं ते. कॉलेजची सोळा पोरं घेऊन गेल्ता रफिक. दुसऱ्या ओढ्याच्या म्होरं साग संपते ना, तिथं वाट उजवीकडे वळते. हा डावीकडे गेला, नाल्यात. पोरं दिवस बुडेपर्यंत अडकून पडली. एकीचा पाय मुरगळला. बाकी काई नाई झालं, देवाची कृपा."

"पण ते कसे चुकले?"

"तो म्हने, बाण डावीकडे दाखवत होता. मंडळाचा नेमच हाये, वाटाड्यानं बाण सोडाचा नाई. दोन हप्त्यानं आमी जाऊन पाह्यलं तं तिथं बाणच नाई. ना डावा, ना उजवा. तवापासून तिथं चिंधी बांधून भागवतो." सुधाकरभाऊंनी आवाज खाली आणला. "त्याच्या अब्बाले म्हातारपणी इसरभोळेपणा लागला होता. पयले रस्ते इसरले, मंग घर, मंग पोरं. रफिकले वाटते, आपलंही तसंच सुरू झालं. तवापासून तो म्होरं चालत नाई. त्याची बायको त्याले एकट्याले बजारातही जाऊ देत नाई."

दुसऱ्या ओढ्याच्या पुढचा बाण मी काढला होता.

मला तो दगड चांगला आठवत होता. परातीएवढा, सपाट, गुळगुळीत. बाजूचा खडक शेवाळलेला आणि ओबडधोबड होता, त्यावर रंग बसेना. मंडळाचा पहिला नियम असा, की रंग लावायच्या आधी दगडाला लाथ मारायची. हलला तर तो दगड सोडायचा, जमिनीत पक्का रुतलेला खडकच घ्यायचा. मी लाथ मारली नव्हती. मला बाण देखणा काढायचा होता. फळ्यावर सदिश म्हणजे व्हेक्टर काढते तसा, सरळ दांडा आणि बारीक टोक. बाकी सगळे जाड त्रिकोणी टोकाचे बाण काढतात.

रात्रभर मनाला समजावत राहिले, की एवढा जड दगड आपोआप कसा फिरेल.

रविवारी सकाळी सहाला निघालो. दुसरा ओढा ओलांडला आणि साग विरळ झाला, तशी ऊन आणि धुकं मिसळलेली एक उतरण समोर आली. तिथे पाय टाकला आणि मी थबकले. पन्नासेक पावलांपर्यंत सगळे दगड उलटे पडलेले. प्रत्येकाची ओली, काळपट बाजू वर आणि शेजारी त्याच मापाचा ओला खळगा. एक वारूळ उभं फोडलेलं होतं, त्यावर बोटभर लांब नखांचे ओरखडे. एवढं काम करायला आम्हा तीस जणांना अर्धा दिवस लागला असता.

"अस्वल," रफिकभाई मागून म्हणाले. आवाज खाली, पण त्यात कौतुक होतं. "पहाटीच येऊन गेलं. दगडाखाली उधई अन् मुंग्या राह्यते ना. एका हातानं पलटवते, आपण पोळी पलटवतो तसं. कधी ढकलते, कधी गरकन फिरवते."

माझ्या अंगावर काटा आला, पहिल्यांदा नुसत्या अस्वलाच्या ताकदीनं. असा एक जीव रोज रात्री या उतारावरचे दगड उचकटत जातो, आणि आपण दिवसा येऊन त्याच दगडांवर खुणा करतो. डोंगर पक्का आणि आपण पाहुणे, हे भूगोलात शिकले होते, पण पोटात उतरलं ते तिथे. मग लगेच दुसरं लक्षात आलं, माझा बाणाचा दगडही असाच फिरला असेल.

रफिकभाईंना हे का सुचलं नसेल? कारण सोपं होतं. लाथ मारल्याशिवाय रंग लावणारा माणूस त्या मंडळात कुणाच्या डोक्यातच येणार नाही. बाण म्हणजे खडकावरच असणार. खडक फिरत नाही, म्हणजे फिरलं ते आपलं डोकं.

मी दगड उलटायला लागले. "मॅडम, हातानं नोका करू, इच्चू राह्यते," एक बाई ओरडली आणि विळा घेऊन शेजारी बसली. दगडाची पलीकडची कड उचलून आपल्याकडे उलटायची, म्हणजे खालचं जनावर पलीकडे पळतं, हे तिने शिकवलं. आठ-दहा दगड झाले. सुधाकरभाऊ म्हणाले, "काय शोधून राह्यल्या?" मी पुढचा दगड उलटला. मग वळणापासून सात-आठ पावलं खाली, गवताच्या मुळात अर्धा रुतलेला एक सपाट दगड पहारीनं उचकटला. खालच्या बाजूला माती, एक गोम, आणि पिवळा रंग. सरळ दांडा, बारीक टोक.

खरं सांगते, एक क्षण असा आला की नुसतं "बाण सापडला" म्हणावं आणि गप्प बसावं. रफिकभाईंचं काम तेवढ्यानंही झालं असतं. कुणी काढला हे कुणी विचारलंही नसतं. पण ते जवळ येऊन गुडघ्यावर बसले, बोटानं माती पुसली, आणि इतका वेळ त्या बाणाकडे बघत राहिले की मला राहवेना.

"हा मी काढलाय, रफिकभाई. लाथ न मारता. अस्वलानं ढकलला तेव्हा तो डावीकडे फिरला असेल, तुम्हाला तोच दिसला. नंतर पुन्हा उलटवला तेव्हा बाण मातीत गेला. तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी आहे."

बाकीचे विळे थांबले.

"माहा पाय उजवीकडेच चालला होता," ते दगडाशी बोलावं तसं म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "पावणेदोन वर्सं, मॅडम. रोज सकाळी उठलो की पयले घरच्यायची नावं म्हणून पाहातो. बायको, तिन्ही पोरं, नातू. सगळी आठवते का म्हणून. एखांदं नाव याले उशीर झाला की दिवसभर कामात ध्यान लागत नाई."

मी माफी मागितली. तो शब्द फार तोकडा पडला. त्यांनी तो घेतला नाही आणि परतही केला नाही. उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "कड्यावर चाला. रेंज येते तिथं."

वर पोचेपर्यंत ते पुढे होते. कुणी त्यांना पुढे हो म्हटलं नाही, आणि सुधाकरभाऊ मुद्दाम बुटाची लेस बांधत मागे राहिले. कड्यावर आल्यावर पायाखालून अख्खा वऱ्हाड सुरू होत होता. काळीची शेतं, मध्ये कपाशीचे पांढुरके तुकडे, धरणाचं पाणी, आणि अकोला जिकडे असेल तिकडे नुसती निळसर धूळ. एवढं मोठं काही बघितलं की मी एरवी बडबडते. त्या दिवशी नुसती बघत उभी राहिले.

रफिकभाईंनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "बायकोले सांगा, शमीमले. माह्या सांगण्यावर तिचा इस्वास नाई बसणार."

मी शमीमभाभींना सगळं सांगितलं. दगड, अस्वल, बाण, माझी चूक.

"तो इनको कुछ हुआ नई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही भाभी. काहीच नाही झालं."

"एक बार और बोलो."

मी पुन्हा सांगितलं. मग फोन रफिकभाईंना दिला आणि बाजूला झाले.

उतरताना त्यांनी मला ब्रश दिला. वळणावरचा शेवाळलेला खडक मी तारेच्या ब्रशनं अर्धा तास घासला, चार लाथा मारल्या, अंगठा सुजला. बाण ओबडधोबड आला. खाली वच्छलाकाकूंनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजले होते. त्या गावातल्याच, इर्जिकीची चूल दरवर्षी त्यांच्या ताब्यात असते. फोडलेला रोडगा, त्यावर तुपाची धार, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. माझी गोष्ट माझ्याआधी खाली पोचली होती. काकूंनी दोन रोडगे जास्त वाढले आणि म्हणाल्या, "खा व माय. चुकलं ते चुकलं, सांगितलं तं खरं." ते पानात टाकायची माझी हिंमत नव्हती.

रात्री नऊला अमरावतीत परत आले. सोमवारी फळ्यावर सदिश काढायला गेले आणि खडू खाली ठेवला. मुलांना सगळं सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मॅम, पेपरला येईल का?" म्हटलं, नाही येणार.

ज्यांना यंदा जायचं आहे त्यांनी जरूर जा. वाट तयार आहे, परवानगी आली आहे, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पहिला ग्रुप वर जाऊन आला. पुढे रफिकभाई होते. त्या संध्याकाळी धीर करून मी त्यांना फोन केला. कसं झालं विचारलं, मग जे विचारायचं होतं तेही विचारलं, की सकाळी उठून नावं म्हणता का अजून.

"म्हणतो," ते म्हणाले. "सवय लागली ना आता. शमीमही म्हणते माह्यासंगं."