बोर्डावरून बंद

टीव्ही नुसता रिमोटने बंद केला की माझं डोकं फिरायचं. खालचा लाल ठिपका जळत राहतो, म्हणजे आत वीज चालूच असते. झरीतल्या आमच्या घरात माणसं तीनच: मी, नवरा आणि सासूबाई. नवरा सकाळी चारोटीच्या गॅरेजात जायचा तो संध्याकाळीच उगवायचा, त्यामुळे माझी सगळी कटकट आईंच्या वाट्याला यायची.

टीव्ही विकणाऱ्यानेच सांगितलं होतं, "ताई, हा भडक उजेड दुकानात गिऱ्हाईक बघतं म्हणून ठेवतो. घरी कमी करा, वीज वाचेल." मी घरी येताच उजेड निम्म्यावर आणला. आई म्हणाल्या, "अगं, सगळी माणसं आजारातून उठल्यासारखी दिसतात." मी म्हटलं, दिसू देत. शिवाय नियम केला: उठायचं तर टीव्ही बोर्डावरून बंद करूनच उठायचं. बोर्ड टीव्हीच्या मागे, खाली भिंतीला. आईंचे गुडघे दुखायचे, त्यांना वाकायला वेळ लागायचा. तरी मी रोज कानीकपाळी ओरडायचेच.

मग २०१८च्या थंडीत भूकंपाचे हादरे सुरू झाले. आधी जमिनीखालून गडगड आवाज यायचा, मग भांडी वाजायची. अख्ख्या घरात सगळ्यात आधी टीव्हीच थरथरायचा, म्हणून मी तो सुतळीने खिळ्याला बांधून टाकला. लोक अंगणात ताडपत्री टाकून झोपू लागले. आम्हीही झोपायचो. दिवसा मात्र आई आत टीव्हीपुढे बसायच्या, कारण बाहेर नुसतं बसून त्यांना जास्तच भीती वाटायची.

टीव्हीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. नवऱ्याने त्यात सिमेंट भरलं, आठवड्याने तडा पुन्हा दिसायला लागला. मला त्या भिंतीकडे बघवत नसे. सरकारी माणसं गावात सांगून गेली होती, हादरा बसला की काही घ्यायला थांबू नका, थेट बाहेर पळा. आई कसल्या पळतायत! पलंगापासून अंगणापर्यंत त्यांना किती वेळ लागतो, ते मी दोनदा चालवून बघितलं होतं. त्या वेळात घर उभं राहील का, एवढाच एक विचार माझ्या डोक्यात असायचा.

त्या दिवशी सकाळी पुन्हा लाल ठिपका चालू दिसला. मी आदल्या रात्रीही नीट झोपले नव्हते, आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. "किती वेळा सांगायचं, आई? लहान आहात का तुम्ही?" त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि बटण बंद केलं.

दुपारी मी अंगणात चुलीवर भात ठेवला होता. आत मालिका चालू होती. गडगड ऐकू आली आणि मी ओरडले, "आई, बाहेर या!" आल्या की! भिंतीला धरत धरत उंबऱ्यापर्यंत आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागे आवाज करत असलेल्या टीव्हीकडे बघितलं, आणि वळल्या. मला काय होतंय ते कळलं, पण माझ्या तोंडून "राहू दे ते!" निघेपर्यंत त्या आत गेल्या होत्या. टीव्हीचा आवाज थांबला. मग भिंत खाली आली.

शेजारच्यांनी विटा काढल्या. आई शुद्धीवर होत्या, पण डावा पाय गुडघ्याखाली नको तसा वळला होता. आम्ही त्यांना खाटेवर घालून अंगणात आणलं. डोळ्यांत धूळ गेली होती म्हणून मी त्यांचा चष्मा काढला, पदराने तोंड पुसलं आणि "आई, आई" करत राहिले. दुसरं काही सुचतच नव्हतं.

दवाखान्याची गाडी यायच्या आत नवरा पोचला. आईची अवस्था बघून तो रडायला लागला आणि रडता रडताच चिडला. "दारापर्यंत आली होतीस म्हणे! मग परत कशाला मेलीस आत? काय राहिलं होतं एवढं?"

मी खाटेजवळच उभी होते. आईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चष्मा राहिला होता रे," त्या म्हणाल्या.

चष्मा तर त्या वेळी त्यांच्या डोळ्यांवरच होता. आता तो माझ्या मुठीत होता. मी मूठ पदराखाली घेतली.

पाय वाचला, पण आई पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत. पाहुणे आले की नवरा अजून सांगतो, एवढ्याशा चष्म्यापायी हिने पाय घालवला. आई मान हलवतात, "हो बाई, चुकलंच माझं." मी चहा ठेवायला आत जाते.